थेंबाचा माग

थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपल्या पूर्वजांनी काटकसरीचा महिमा सांगण्यासाठी योजली. परंतु ज्याच्या दारात जुनी मोटार उभी असते, त्या गृहस्थाला तिचा एक निराळाच अर्थ रोज सकाळी उमगत असतो. मोटार जागची हलली की खालच्या फरशीवर काळसर तेलाचा डाग दिसतो. प्रथम तो रुपयाएवढा असतो, काही दिवसांनी बशीएवढा होतो, आणि पुढे ही मोटार ज्याच्या घरी पाहुणी म्हणून जाते त्याच्याही अंगणात आपली खूण ठेवून येते. घरातील मंडळी आधी हसतात, मग कुरकुरतात, आणि अखेर गाडीखाली एक जुना पत्र्याचा ट्रे सरकवून या दुखण्याशी तह करतात.

हा तह महागात पडतो. ठोकळमानाने वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला एक या वेगाने पडणारे थेंब दिवसाला १४४० होतात. म्हणजे ७२ मिलिलिटर. चौदा दिवसांत एक लिटर तेल जमिनीत जाते. लहान मोटारीच्या इंजिनात सारे मिळून तीन ते चार लिटर तेल असते, आणि डिपस्टिकवरील वरच्या व खालच्या खुणांमधले अंतर बहुधा एका लिटराच्या आसपास असते. तेल त्या खालच्या खुणेच्याही पुष्कळ खाली गेले की तेलाचा पंप तेलाबरोबर हवाही ओढू लागतो. मग बेअरिंगे घासतात, आणि जे काम काही रुपयांच्या पॅकिंगने झाले असते, ते सारे इंजिन उघडल्यावाचून होत नाही. तेल एक्झॉस्टच्या तापलेल्या नळीवर पडले तर जळक्या वासावर सुटका होतेच असे नाही. प्रसंगी आगही लागते. गळती क्षुल्लक मानावी अशी गोष्ट नव्हे, ती एवढ्यासाठी.

गळती होते कोठून? इंजिन हा काही एकसंध लोखंडी ठोकळा नसतो. मधला मुख्य भाग, त्यावर बसणारे हेड, हेडवर पत्र्याचे झाकण, ज्याला मिस्त्री लोक टॅपेट कव्हर म्हणतात, आणि तळाशी तेल साठवणारे चेंबर, असे अनेक भाग बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. जिथे दोन भाग भेटतात तिथे पॅकिंग असते. कोठे कागदी, कोठे रबरी, तर कोठे बुचाच्या लाकडाचे. हे बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांत होणाऱ्या एका ओकवृक्षाची साल; तिच्या उत्पादनात पोर्तुगाल अग्रेसर आहे. आणि जिथे फिरता दांडा इंजिनाबाहेर येतो तिथे ऑइल सील असते. त्याचा पातळ रबरी ओठ त्या दांड्याला हळुवारपणे बिलगून राहतो आणि तेल आत अडवतो. रबर उष्णतेने व वयाने कडक होते, बूच सुकून आकसते. तेव्हा जुन्या इंजिनाला पाझर फुटावा यात नवल नाही. नवल याचे की उपायामागून उपाय करूनही कित्येकदा तो थांबत नाही.

अशा एका गृहस्थाचे उदाहरण घ्यावे. तो इंदुरात असेल, बडोद्यात असेल किंवा नागपुरातही असेल. नोकरीतून निवृत्त झालेला, बेताच्या निवृत्तिवेतनावर राहणारा. गाडी पंचवीस वर्षांची. तिचे इंजिन लांबीत बसवलेले आणि त्याच्या मागे गिअरबॉक्स. ही गाडी त्याच्या घरी चैनीची वस्तू नाही. पत्नीचे गुडघे दुखावलेले, रिक्षात चढणे तिला कठीण. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचे तर हीच गाडी कामी येते. नवी घेण्याचे बळ नाही आणि ही बंद पडली तर अडचण मोठी.

गाडीखालचा थेंब पडत असे तो इंजिन व गिअरबॉक्स यांच्या सांध्याच्या बरोबर खाली. प्रथम त्याने तेलात मिसळण्याचे, गळती थांबवणारे औषध घातले. अशा औषधाने कडक झालेले रबर थोडे फुगते, त्यामुळे चार दिवस बरे वाटले. पुढे टॅपेट कव्हरचे पॅकिंग बदलले आणि वरून सिलिकोनचा भरपूर लेप दिला. थेंब चालूच राहिला. मग मिस्त्री म्हणाला की क्रँकशाफ्टचे मागचे सील गेले आहे. ते सील स्वतः स्वस्त. पण तिथवर पोहोचायचे तर गिअरबॉक्स, क्लच व फ्लायव्हील उतरवावे लागते, आणि मजुरीच सीलच्या किमतीच्या कित्येक पट होते. तोही खर्च झाला. पंधरा दिवसांनी थेंब पुन्हा त्याच जागी. मिस्त्री लबाड होता असे मुळीच नाही. जुने सील खरोखरच कडक झालेले निघाले होते. थेंब जिथे पडत होता तिथेच त्याने शोध घेतला, आणि बहुतेक जण तेच करतात.

त्या दिवशी गृहस्थ उदास होऊन ट्रेमधील तेल पाहत असता व्हरांड्यातील खुर्चीवरून पत्नी म्हणाली, “अहो, आपल्या गच्चीचं आठवतं का? भेग पडली होती टाकीजवळ, आणि पाणी ठिबकत होतं ते देवघरात. गाडीचंही तसंच नसेल कशावरून?”

या प्रश्नात साऱ्या विद्येचे सार होते. तेल वरून खाली येते, वाटेत पत्र्याच्या कडेने सरकते, बोल्टाच्या डोक्याला वळसा घालते, आणि गाडी धावत असली म्हणजे वाऱ्याने मागे ढकलले जाते. ज्या टोकावरून ते अखेर सुटते, ते टोक केवळ त्याच्या प्रवासाचा शेवट असते. सबब शोध खालून नव्हे, तर वरून सुरू करावयाचा असतो. जिथे ओल आहे त्यातील सर्वांत उंच जागा कोणती, एवढाच प्रश्न विचारावयाचा असतो.

परंतु सर्वांगाने माखलेल्या इंजिनावर ती जागा दिसणार कशी? यास्तव पहिले काम स्वच्छतेचे. इंजिन पूर्ण थंड असताना, बॅटरीची तार सोडवून, जवळपास कोठेही आग नाही हे पाहून, रॉकेल व ब्रश यांनी इंजिन वरपासून खालपर्यंत धुवावे, चिंध्यांनी पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावर संशयित सांध्यांवर अंगाला लावण्याची साधी पावडर भुरभुरावी. मग इंजिन दहा मिनिटे चालवून बंद करावे व टॉर्चने पाहावे. पांढऱ्या पावडरवर तेलाची रेघ लपत नाही. आता तेलात मिसळण्याचा एक रंगही मिळतो. अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली तो चमकतो. पण घरच्या पावडरने बहुतेक काम भागते. गाडीखाली शिरणे आवश्यकच असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कदापि शिरू नये. भक्कम स्टँड लावावेत आणि जमिनीवरच्या चाकांना अडणी द्यावी.

गृहस्थाने हे सारे केले. इंजिनाच्या मागे हात जेमतेम शिरेल एवढीच फट होती. तिथे त्याने दाढीचा आरसा तिरपा धरला आणि पत्नीने वरून टॉर्च दाखवला. टॅपेट कव्हरच्या अगदी मागच्या कोपऱ्यात पावडर भिजली होती. तिथून एक बारीक ओघळ पाठीमागून थेट गिअरबॉक्सच्या सांध्यापर्यंत उतरला होता. आणि सांध्याच्या वरची बाजू तर त्या ओघळाखेरीज कोरडी ठणठणीत होती.

मात्र येथे दुसरे कोडे उभे राहिले. हे पॅकिंग तर सहा महिन्यांपूर्वीच बदललेले. नवे पॅकिंग इतक्यात का हरावे?

कारणे दोन निघाली. पहिले कारण हाताच्या जोराचे. गळती दिसली की बोल्ट आणखी आवळावा, ही प्रत्येकाची स्वाभाविक प्रवृत्ती. परंतु पातळ पत्र्याचे झाकण जोराने आवळले म्हणजे बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा खाली दबतो आणि दोन बोल्टांच्या मधली कड वर उचलली जाते. तिथे पॅकिंग सैल राहते. जितके आवळावे तितके अधिक गळते.

दुसरे कारण अधिक खोल होते. सिलिंडरात पेट्रोलचा स्फोट होतो तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. नव्या इंजिनातही हे थोडेबहुत घडतेच. त्या वायूला बाहेरची वाट मिळावी म्हणून इंजिनाला ब्रीदर नावाची श्वासनलिका असते. पूर्वीच्या मोटारींत ती उघड्यावरच सुटत असे. पुढे हवेचे प्रदूषण टाळण्यासाठी हा वायू पुन्हा इंजिनातच जाळण्याची पद्धत आली, आणि कॅलिफोर्नियात १९६१ पासूनच्या नव्या मोटारींत ती रूढ झाली. ही नलिका तुंबली तर आतला दाब वाढतो, आणि जो सांधा सर्वांत दुबळा असेल त्यातून तो तेल बाहेर ढकलतो. एक सांधा बुजवला तर दुसरा फुटतो.

गृहस्थाने इंजिन मंद गतीवर चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण जपून सैल केले, तो आतून वाफेसारखे जोरदार फुत्कार येऊ लागले. ब्रीदरची रबरी नळी काढून पाहिली, तर तिच्यात लोण्यासारखा पिवळट-पांढरा गाळ गच्च बसलेला. हा गाळ तेल व पाणी यांच्या मिश्रणाचा. इंजिनात पाणी कोठून येते, असे कोणी विचारील. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. त्यातील बहुतेक सायलेन्सरवाटे निघून जाते. थोडे रिंगांमधून खाली उतरते. इंजिन नीट तापले तर ते उडून जाते. पण ही गाडी घर ते दवाखाना, दोन किलोमीटर जाणे आणि दोन किलोमीटर येणे, याखेरीज कधी धावतच नव्हती. इंजिन तापण्यापूर्वीच बंद होई, वाफ आतच थिजे, आणि तिचा गाळ होई. फरशीवरच्या थेंबाचा माग काढीत निघालेला शोध अखेर गाडी वापरण्याच्या सवयीपाशी येऊन थांबला.

मग उपाय सोपा होता. ब्रीदरची नळी नवी घातली आणि तिचा मार्ग रॉकेलने धुऊन वाळवला. टॅपेट कव्हर काढून त्याची कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हातोडीने सपाट केली. पूर्वीचा सिलिकोन खरवडला. त्याचा एकही तुकडा आत पडणार नाही याची दक्षता घेतली, कारण असा तुकडा पंपाच्या जाळीत अडकला तर तेलच बंद व्हावयाचे. बुचाचे नवे पॅकिंग झाकणाच्या बाजूला पातळ डिंकाने चिकटवले, हेडच्या बाजूला कोरडे ठेवले. बोल्ट मधल्यापासून बाहेर, आळीपाळीने, थोडे थोडे, पुस्तिकेत सांगितल्याइतकेच आवळले. गाळ मिसळलेले तेलही बदलले. काढलेले तेल गटारात ओतले नाही; असे तेल घातक कचऱ्यात मोडते आणि २०१६ च्या नियमांनुसार त्याची विल्हेवाट अधिकृत मार्गानेच लावावी लागते. ते डब्यात भरून, गोळा करणाऱ्या गॅरेजात दिले.

प्रत्येक गळती घरी थांबते, असे मात्र समजू नये. ब्रीदर मोकळा असूनही फुत्कार थांबत नसतील आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव मोठा. वरचे सर्व भाग कोरडे असून सांध्याच्या तळातूनच तेल येत असेल, तर सील खरोखरच गेलेले असण्याचा संभव अधिक. ही कामे गॅरेजचीच. परंतु तिथेही नुसते “गाडी गळते” म्हणून जाणारा आणि “ओल येथून सुरू होते” हे दाखवणारा, यांच्या खर्चात पुष्कळ अंतर पडते.

त्या गृहस्थाने ट्रेच्या जागी एक कोरा पुठ्ठा अंथरला. पहिल्या दिवशी तो कोरडा राहिला, आठव्या दिवशी राहिला, महिन्यानंतरही राहिला. आता दर रविवारी सकाळी हे दांपत्य गावाबाहेरच्या रस्त्याने चांगले अर्धा-पाऊण तास गाडी फिरवून आणते. इंजिन तापावे हे त्याचे कारण. पत्नीला मात्र दवाखान्याखेरीज अन्यत्र जाण्याचा योग कित्येक वर्षांनी आला आहे, आणि रविवारची आठवण गृहस्थाला करून द्यावी लागत नाही. ती आदल्या रात्रीच पुठ्ठा पाहून ठेवते.