बाळानं मान धरली का?
(विहाराच्या महिला मेळाव्यातील भाषण)



मी नर्स आहे, भाषण करणारी नाही. तरी उभी राहिले, कारण चूक माझ्याच घरात झाली. माझा भाचा पाच महिन्यांचा असताना खुळखुळा घ्यायला डावाच हात पुढे करायचा. उजव्या हाताची मूठ मिटलेलीच. आम्ही कौतुकानं म्हणालो, डावखुरा होणार पोरगा! मीसुद्धा हसले. वर्षाच्या आतलं मूल एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हातात कमजोरी असू शकते, हे मला पाठ होतं. पण घरच्या लेकराला पाहताना सुचलं नाही. चौदाव्या महिन्यात डॉक्टरांना दाखवलं. नऊ महिने हातचे गेले.

बाळ साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरतं. चार महिने उलटूनही मान लुळी पडते, मुठी आवळलेल्याच राहतात, तर वाट पाहू नका. आधाराशिवाय नऊ महिन्यांपर्यंत बसावं, दीड वर्षापर्यंत चालावं. काही मुलं रांगतच नाहीत, एकदम उभी राहतात. बाकी सगळं वेळेवर असेल तर त्याची काळजी नको. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं वय मात्र दवाखान्यानं दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा.

सगळ्यात फसवं ते ताठ बाळ. ‘बघा किती ताकद, आत्तापासून उभं राहतंय!’ पण लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, उचललं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, ही ताकद नव्हे. उलट एखादं चिंधीच्या बाहुलीसारखं हातातून निसटतं आणि आपण म्हणतो, ‘फार गरीब आहे हो, रडतसुद्धा नाही.’ हे डॉक्टरांच्या आधी तेल लावणाऱ्या आजीच्या हाताला कळतं. आज्यांनो, हाताला जे लागलं ते बोला. आणि सूनबाई बोलली तर तिला गप्प करू नका.

जन्मताच न रडलेलं, फार कमी वजनाचं, कावीळ खूप वाढलेलं बाळ असेल तर जास्त लक्ष ठेवा. आशाताईंना, अंगणवाडीत सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशी तपासणी मोफत आहे.

गंडेदोरे आपण १९५६ सालीच सोडले, तरी लेकरू पाय टाकेना झालं की कुणीतरी हळूच दोरा आणतंच. त्यात महिने जातात, आणि बोल आईला लागतो.

भाचा आता सातवीत आहे. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागतो, पण दोन्ही हातांनी लावतो.

जयभीम. नमो बुद्धाय.