पलटणीतून पेढीवर

निवृत्त सैनिक बँकेच्या दारात पहाऱ्याला उभा असलेला आपण नेहमी पाहतो. होनोलुलूच्या साकाए ताकाहाशी यांनी मात्र बँकच उभी केली.

१९१९ साली हवाई बेटांवर एका जपानी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि तिथल्या जपानी वंशाच्या लोकांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. त्यांच्या बँकाही सरकारने बंद केल्या. अशा वेळी ताकाहाशी अमेरिकी सैन्याच्या १०० व्या पायदळ बटालियनमधून इटलीत लढले. याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही झुंजत होत्या.

युद्धानंतर ते वकील झाले. पण आपल्या समाजातल्या छोट्या दुकानदाराला मोठ्या बँका सहजी कर्ज देत नाहीत, हे त्यांना दिसत होते. म्हणून युद्धातल्या सोबत्यांना घेऊन त्यांनी १९५४ साली सेंट्रल पॅसिफिक बँक काढली. लढाईत उजवा हात गमावलेले डॅनियल इनोये हे त्यांतलेच एक.

ताकाहाशी २००१ साली वारले. बँक आजही चालू आहे. ज्यांच्या निष्ठेवर एकेकाळी शंका घेतली गेली, त्यांच्याच हाती लोकांनी आपली पुंजी निर्धास्तपणे सोपवली.