रेषाखंडाचा मध्य
(कसबा पेठ, पुणे येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दहावीचा गणिताचा पेपर म्हटला की मुलांइतकेच आईवडीलही धास्तावतात. ‘आम्हीच शिकलो नाही, मुलांना काय सांगणार?’ असे पुष्कळ पालक म्हणतात. त्यांच्यासाठी मी आज एक लहानसा विषय निवडला आहे : रेषाखंडाची लांबी आणि मध्यबिंदू.

मुलांनो, तुमची अम्मी ओढणीची घडी घालताना टोकाला टोक जुळवते. घडी पडते तोच मध्य. ती टेप लावीत नाही. म्हणजेच मध्य काढण्यासाठी लांबी माहीत असावीच लागते, असे नाही. दोन्ही टोकांपासूनचे अंतर सारखे हवे, एवढेच. कंपासनेही हेच साधते. निम्म्याहून अधिक अंतर घेऊन दोन्ही टोकांवरून कंस काढा. ते वर आणि खाली जेथे छेदतील ते बिंदू जोडा. ती रेषा रेषाखंडाचे बरोबर दोन भाग करते.

रेषाखंड दुभागण्याची रीत युक्लिडच्या ग्रंथात पहिल्याच भागात आहे. तो ग्रंथ ग्रीकमधून अरबीत आला. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी त्याची अरबीत नव्याने मांडणी केली. त्यावरून अठराव्या शतकात जगन्नाथ पंडितांनी राजा सवाई जयसिंग यांच्यासाठी संस्कृत ‘रेखागणित’ रचले आणि ते १९०१-०२ मध्ये मुंबईत छापले गेले. इतक्या लोकांच्या हातून आलेली ही विद्या आपल्या मुलांना परकी कशी असेल?

आता दहावीतील निर्देशक भूमिती पाहू. एक टोक (२, ३) आणि दुसरे (८, ११) आहे. आडवे अंतर ६, उभे ८. काटकोन त्रिकोण झाला. पायथागोरसच्या प्रमेयाने ३६ अधिक ६४ म्हणजे १००, म्हणून लांबी १०. मध्यासाठी आडवे अंतर निम्मे चला, ३. उभे निम्मे चला, ४. पहिल्या टोकापासून निघालो, म्हणून २ अधिक ३ म्हणजे ५ आणि ३ अधिक ४ म्हणजे ७. मध्यबिंदू (५, ७). पुष्कळ मुले (३, ४) लिहून थांबतात, कारण कोठून निघालो हे ती विसरतात. टोकांची बेरीज करून निम्मे केले तरी (५, ७) हेच उत्तर येते. सूत्र म्हणतात ते हेच. पडताळाही घ्या : पहिल्या टोकापासून (५, ७) चे अंतर ५ येते, म्हणजे १० च्या निम्मे.

पालकहो, तुम्हाला सूत्र येत नसले तरी चालेल. मुलाला जवळ बसवून एवढेच विचारा, ‘बेटा, हे असे का?’ त्याला सांगता आले, तर त्याला समजले आहे. सांगता आले नाही, तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला पाठवा. आणि एका विषयात गुण कमी पडले म्हणून मुलाला कामावर धाडू नका, मुलीची शाळा बंद करू नका. तिला पुन्हा परीक्षेला बसू द्या.