सूर भिंतीपलीकडे पोहोचावेत



पुण्याला मैफलींचे अप्रूप नाही. सवाई गंधर्व महोत्सवापासून पेठांतील गणेशोत्सवापर्यंत या शहरात वर्षभर गाणे सुरूच असते. त्या गाण्याचा समाजाच्या दुःखाशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याचे उत्तर पुण्यानेच एकेकाळी देऊन ठेवले आहे.

देश स्वतंत्र झाला, तरी गोव्याप्रमाणेच दादरा आणि नगर हवेली हा प्रदेश पोर्तुगीजांच्या टाचेखाली राहिला होता. तो मुक्त करू पाहणाऱ्या तरुणांजवळ निर्धार होता, पैसा नव्हता. १९५४ साली पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला, तो या संग्रामाच्या निधीसाठी. त्यामागे खटपट होती संघ स्वयंसेवक आणि संगीतकार सुधीर फडके यांची. बाबूजी निधी गोळा करून थांबले नाहीत. ते प्रत्यक्ष मोहिमेतही उतरले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि बाबूजींचा स्वर घराघरांत पोहोचला.

त्याच वर्षी गोव्यात मोहन रानडे पकडले गेले. मूळचे सांगलीचे हे शिक्षक आझाद गोमंतक दलाचे सैनिक होते. बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन शत्रूच्या हाती लागले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात डांबण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा स्वतंत्र झाला. रानडे मात्र परक्या देशात बंदीच राहिले. विजयाच्या जल्लोषात असा एक माणूस विसरला जाणे फार सोपे असते.

बाबूजी विसरले नाहीत. रानडे यांच्या सुटकेसाठी जी समिती झाली, तिच्या कामात ते अग्रभागी राहिले. अटलबिहारी वाजपेयी यांनी संसदेत आवाज उठवला. तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी थेट पोपकडे शब्द टाकला. पक्ष वेगळे, भाषा वेगळ्या, पण बंदी एकच होता. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, सुमारे चौदा वर्षांच्या कारावासानंतर, रानडे सुटले. २०१९ साली त्यांचे निधन झाले, ते याच पुण्यात. गाण्याने मिळालेली लोकप्रियता बाबूजींनी एका बंदिवानासाठी खर्ची घातली, हा या कथेचा अर्थ आहे.

येथे एक आक्षेप येईल. रानडे देशभक्त होते. आज येरवड्यात आहेत ते चोर, दरोडेखोर. त्यांना गाणे कशाला?

येरवड्याच्या भिंतींनी स्वातंत्र्यवीर सावरकरांना पाहिले, गांधीजींना पाहिले, आणीबाणीत सरसंघचालक बाळासाहेब देवरसांनाही पाहिले. म्हणजे गजांआड असलेला प्रत्येक जण गुन्हेगारच असतो, हे समीकरण आपल्याला तरी मान्य होण्यासारखे नाही. आजचे चित्र पाहावे. २०२२ च्या अखेरीस देशाच्या कारागृहांत सुमारे पाच लाख त्र्याहत्तर हजार बंदी होते. त्यांपैकी शंभरात पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी. त्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध व्हायचा आहे. त्यांत असेही आहेत, ज्यांना जामीन मंजूर झाला, पण जामिनापुरती रक्कम घरात नाही. ज्यांचा अपराध सिद्ध झाला, तेही बहुतांशी एक दिवस शिक्षा भोगून याच समाजात परतणार आहेत. ते कोणत्या मनाने परततील, याची काळजी ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या हिताचीही आहे.

अमेरिकेत जॉनी कॅश या गायकाने जानेवारी १९६८ मध्ये फॉल्सम कारागृहात कैद्यांसमोर गाणे केले. १९७२ साली तो सिनेटच्या समितीपुढे कारागृह सुधारणेसाठी साक्ष द्यायलाही उभा राहिला. आधी गाणे, मग साक्ष: हा क्रम महत्त्वाचा. महाराष्ट्रातील कारागृहांतही अलीकडे तुकोबांच्या नावाच्या करंडकासाठी बंदीजनांच्या अभंग-भजन स्पर्धा झाल्या आहेत. टाळ हाती घेतलेल्या माणसाला त्या घटकेपुरता क्रमांक नसतो, नाव असते. पण स्पर्धा वर्षातून एकदा. उरलेल्या दिवसांचे काय?

पुण्यात भजनी मंडळे आहेत, गायनाचे वर्ग आहेत, नामवंत कलाकार आहेत. कारागृह प्रशासनाची रीतसर परवानगी घेऊन महिन्यातून एक सायंकाळ आत गाता येईल, शिकवता येईल. बाहेरच्या एखाद्या कार्यक्रमाचे उत्पन्न जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सल्ल्याने निर्धन बंद्यांच्या जामिनासाठी देता येईल. गाण्याने न्यायालयाचा निकाल बदलत नाही, बदलूही नये. मात्र निव्वळ दारिद्र्यामुळे आत अडकलेल्या माणसाला घरी नेणे, एवढे काम एका मैफलीच्या तिकिटांतून निश्चित होऊ शकते.

हिराबागेतील त्या कार्यक्रमाला आलेल्या पुणेकरांनी तिकीट घेतले, तेव्हा ते केवळ श्रोते राहिले नव्हते. तो मान आजच्या पुणेकरालाही मिळू शकतो. येरवडा काही लिस्बनइतका दूर नाही.