किडीचं चिलखत

(पुणे येथील बैठकीतील भाषण)



आपण जन्मभर किडींशी लढतो. पण किडीचं अंग कसं असतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. दुकानदार बाटली देतो, आपण फवारतो. आज तेवढं समजून घेऊ.

आपली हाडं आत, मांस बाहेर. किडीचं उलटं. तिचा सांगाडाच बाहेर, चिलखतासारखा. तो कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचा आणि प्रथिनांचा असतो. वर मेणाचा पातळ थर, म्हणून भर उन्हातही अंगातलं पाणी टिकतं. आपल्या आज्या कडधान्याला राख चोळून ठेवायच्या. राखेनं हा मेणथर खरवडतो आणि किडा सुकून मरतो. शास्त्र आपल्याच घरात होतं.

चिलखत अंगाबरोबर वाढत नाही. म्हणून अळी कात टाकते. नोव्हाल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही औषधं नवी कात नीट बनू देत नाहीत. ती लहान अळीवर चालतात. पतंग कात टाकत नाही, तो त्यानं मरत नाही. शेंदरी अळी एकदा बोंडात शिरली, की वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. वेळ चुकली की पैसा मातीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मेटारायझियम बुरशीवर काम झालं आहे. ही बुरशी अळीच्या पोटात जावी लागत नाही. बीजाणू अंगाला चिकटतो, रुजतो, कायटिन विरघळवून आत शिरतो. पण तिला ओलावा लागतो. कोरडवाहू रानात कडक दुपारी मारली तर उपयोग नाही. हवेत दमट असताना, संध्याकाळी मारावी.

खेकड्याचं कवचही कायटिनचंच. कात रोखणारं औषध त्यालाही बाधतं. पंप ओढ्यात धुऊ नका.

आणि आपलं काय? किडीला चिलखत आहे, आपल्याला नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. विष श्वासातून जातं, तसं कातडीतूनही जातं. गळका पंप पाठीवर घेऊ नका, अंग झाका, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका.

यापुढे दुकानात विचारायचं: हे औषध स्पर्शानं मारतं, पोटातून मारतं, की कात रोखतं? आणि आज आमच्या शेतात अळी केवढी आहे? उत्तर मिळालं नाही, तर बाटली तिथेच ठेवून यायचं.