कंट्रोल-सी नेमकं ऐकतं कोण?

विषय छोटा आहे, पण रात्री दोनला सर्व्हर अडकला की लाखमोलाचा.

एसएसएचमध्ये कंट्रोल-सी दाबलं, तरी पलीकडे 'कंट्रोल' नावाचं बटण जात नाही. जातो फक्त एक आकडा, ३. सी म्हणजे ६७, त्यातून ६४ वजा. पलीकडचं टर्मिनल तो ३ वाचतं आणि चालू प्रोग्रॅमला थांबायला सांगतं.

स्क्रीन गोठली? आधी कंट्रोल-क्यू दाबा. चुकून कंट्रोल-एस दाबलं गेलं असेल, तर सर्व्हर ठणठणीत असतो, आउटपुट तेवढं रोखलेलं असतं. घाईत विंडो बंद केलीत, तर चालू मायग्रेशन मध्येच मरू शकतं. म्हणून मोठं काम टीमक्समध्येच चालवा.

आणि नेटच गेलं असेल तर? मग कंट्रोल-सी कितीही बडवा, तो ३ पोचतच नाही. तेव्हा एंटर, मग टिल्ड, म्हणजे ते नागमोडी चिन्ह, मग टिंब. हे तुमच्याच मशीनवरचं एसएसएच ऐकतं आणि कनेक्शन तोडतं. एका सर्व्हरमधून दुसऱ्यात शिरला असाल, तर टिल्ड दोनदा. फक्त आतलं तुटेल.

मोबाइलवर टर्मक्स वापरता? आवाज कमी करायचं बटण धरून सी दाबा, झालं कंट्रोल-सी.

टेस्ट सर्व्हरवर आजच करून बघा. भेटू पुढच्या भागात!