कोयत्यामागची कळ
२०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आकडा वाचताना आजही जीव कळवळतो. पिशवीसोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर पाळी जातानाचा त्रास चाळिशीआधीच एकाएकी सुरू होतो: अंगातून वाफा, रात्री दरदरून घाम, उडालेली झोप. हाडंही लवकर ठिसूळ होतात. म्हणून अंडाशयं काढलीत का, हे डॉक्टरांना विचाराच. इतक्या लवकर पाळी गेलेल्यांना औषधोपचारही लागू शकतात. घरी सुती, सैल कपडे घाला. संध्याकाळनंतरचा चहा टाळा, मिश्री सोडाच. हाडांसाठी जेवणात ताक, तिळाची चटणी असू द्या. आणि पिशवी काढलेली नसेल, अन् पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच दवाखाना गाठा.